भरतीच्या तयारीत केस खूप पातळ झालेत, काय खाऊ आणि केस कसे सांभाळू?

माणदेशी_लेक
नमस्कार, इथं पहिल्यांदाच लिहितेय. मी माण तालुक्यातली, सध्या साताऱ्यात मैत्रिणींसोबत रूम करून पोलीस भरतीची तयारी करतेय, वय २२, वजन ५० किलो. पहाटे शाहू स्टेडियमला ग्राउंड असतं, ८०० मीटर, १०० मीटर, गोळा, आणि रविवारी यवतेश्वरचा घाट, मग दिवसभर लायब्ररी. दिवाळीच्या आसपास केस गळायला लागले ते थांबायचं नावच घेईनात. वेणी निम्म्यावर आलीय आणि कपाळाच्या दोन्ही बाजूला, कानाच्या वर विरळ दिसायला लागलंय. अंघोळ झाली की मोरीच्या जाळीत गुंता, उशीवर केस, वहीवर केस. रूमवर केर काढताना सगळे माझेच केस निघतात, मला लय वाईट वाटतं.

खाणं पण सांगते म्हणजे कुणाला विचारायला नको. मेस लावलीय, दुपारी दोन चपात्या, पातळ आमटी, भाजी बहुतेक बटाटा नाहीतर कोबी. रात्रीचं जेवण गणपतीपासून बंद केलंय, वजन उतरलं की ८०० चं टायमिंग सुधारतं असं ग्राउंडवर सगळेच म्हणतात, म्हणून रात्री चहा आणि बिस्किटं. दिवसाचे चार चहा तरी होतातच. अंडी खाते पण मेस शाकाहारी आहे. पाळी पण मागेपुढे व्हायलीय.

केस घामानं भिजतात म्हणून रोज शाम्पू करते आणि वेळ नसतो म्हणून ओल्या केसांचाच घट्ट बुचडा बांधून लायब्ररीत जाते. आई म्हणते रात्री तेल थापून झोप, मैत्रिणीनं बायोटिनच्या गोळ्या दिल्यात त्या चॉकलेटसारख्या, पार्लरवाली म्हणते केराटिन कर. माझ्याकडं महिन्याला वरखर्चाला फार पैसे उरत नाहीत. काय खाऊ, केस कसे सांभाळू आणि गेलेले केस परत येतील का, एवढंच सांगा.

तासगावची_काकू
पोरी आधी जेव. रात्रीचं जेवण बंद करून कुणी पळतं व्हय? तू माणदेशची ना, मग हुलगा घरचा असणार, आईला सांग हुलग्याचं पीठ करून पाठव. रात्री माडगं करायचं, पाणी उकळून पीठ कालवून सोडायचं, जिरं लसूण मीठ, वाटल्यास गूळ घालून गोड कर, दहा मिनिटात होतं आणि रूमवरच्या शेगडीवर पण जमतं. शेंगोळे जमत असतील तर अजून चांगलं. हळिवाचे लाडू थंडीत खातातच आपल्याकडं, बाळंतिणीला देतात ते उगाच नाही. शेंगदाणे गूळ डब्यात ठेव, आमच्याकडचे बेदाणे मूठभर ठेव. आणि तेल सोडू नकोस, आठवड्यातून दोनदा कोमट खोबरेल तेल मुळाशी चोळून रात्रभर ठेव, आमच्या आईनं तेच केलं, साठीत पण तिचा अंबाडा एवढा मोठा होता.

भरती_२०२३_बॅच
ताई सरळ बॉयकट मार, टेन्शन खल्लास. आमच्या अकॅडमीत निम्म्या पोरींनी मारलाय. आणि कापल्यावर पुन्हा दाट येतात असं म्हणतात. नाहीतर कांद्याचा रस लाव, आमच्या मामांना चाई पडली होती तिथं केस आले.

मिरजेची_डायटिशियन
मी मिरजेत आहारतज्ञ म्हणून काम करते, भरतीच्या आणि खेळाडू मुली माझ्याकडं येतात त्यामुळं तुझं वाचून थांबताच आलं नाही. सविस्तर लिहिते, नीट वाच.

तू स्वतःच दोन तारखा दिल्यास, गणपती आणि दिवाळी. डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने नुसता थांबून राहतो आणि मग गळतो. शरीराला एखादा दणका बसला, म्हणजे डेंग्यू टायफॉइडसारखा मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा अचानक कमी केलेलं जेवण, की वाढणारे बरेच केस एकदमच त्या थांबलेल्या अवस्थेत जातात आणि दोन तीन महिन्यांनी एकदमच गळतात. त्यामुळं माणूस आदल्या आठवड्यात काय बदललं ते शोधत बसतो, शाम्पूला दोष देतो, पाण्याला देतो, आणि खरं कारण दोन महिने मागं असतं. घरात पैसा कमी आला की आपण आधी किराणा आणि लाइटबिल भागवतो, पडदे पुढच्या वर्षी बघू म्हणतो, शरीर केसांच्या बाबतीत तेच करतं. यातली चांगली गोष्ट अशी की या प्रकारात मूळ मरत नाही, कारण दूर झालं की केस परत येतात. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे गळती थांबायला तीन ते सहा महिने धर आणि वेणीला जाडी यायला वर्ष. कुणी पंधरा दिवसात दाट केस म्हणून काही विकत असेल तर पैसे देऊ नकोस.

आता रक्त. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच म्हणजे थायरॉइडची, या तीन तपासण्या कर, जमलं तर बी१२ आणि डी पण. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, हिमोग्लोबिन ठीक असून साठा रिकामा असतो असं मी सारखं बघते. १५ च्या खाली म्हणजे साठा संपला असं धरतात, आणि केस गळत असतील तर बरेच त्वचारोग डॉक्टर तो ४० च्या वर असावा असं बघतात. ताप सर्दी असताना मात्र करू नको, तेव्हा फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका, ५४ टक्के, ॲनिमियात निघाल्या होत्या, त्यात तू पळणारी, पाळी येणारी, आणि जेवणाबरोबर चहा पिणारी.

चहाचं आधी सांगते कारण ते फुकट आहे. चहातल्या टॅनिनमुळं डाळी भाजीतलं लोह अंगी लागत नाही. जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. त्याऐवजी आमटीवर अर्धं लिंबू पिळ, नाहीतर आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, क जीवनसत्त्वामुळं तेच लोह कितीतरी जास्त शोषलं जातं.

लोह कशात ते ऐक. तुझ्या वयाच्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लागतं असं आयसीएमआर-एनआयएन ही पोषणावरची सरकारी संस्था सांगते, पुरुषाला १९. बीट आणि डाळिंब लाल आहे म्हणून रक्त वाढतं असं सगळे समजतात पण दोन्हीत १०० ग्रॅमला १ मिलिग्रॅम पण लोह नसतं. फळ म्हणून खा, औषध म्हणून नको. हुलगा आणि मटकीत १०० ग्रॅमला ८ च्या आसपास असतं, काकूंनी माडगं सांगितलं ते अगदी बरोबर आहे, मोड आणून उसळ केली तर अजून चांगलं. ज्वारीपेक्षा बाजरीत जास्त. माठ, राजगिऱ्याची भाजी, हळीव घे. मांसाहार चालत असेल तर घरी गेल्यावर कलेजी आणि मटण, त्यातलं लोह सगळ्यात लवकर लागतं.

आणि प्रोटीन. केस म्हणजेच केराटिन, ते प्रोटीन आहे. पार्लरमध्ये वरून लावतात ते मुळापर्यंत पोचत नाही, ते ताटातूनच यावं लागतं. बैठं काम करणाऱ्याला किलोमागं ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुझ्या ५० किलोला ४१ ४२ ग्रॅम, पण तू रोज पळतेस, तुला ६० च्या पुढं लागणार. मेसच्या दोन चपात्या आणि पातळ आमटीत १५ पण होत नसतील. दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे ७, उसळीची वाटी ७ ८, दुधाचा ग्लास ६ ७, सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम कोरड्या घेतल्या तर १५. यात महाग काही नाही. ग्राउंडवरून आल्यावर अर्ध्या तासात अंडी आणि केळ, लायब्ररीत शेंगदाणे गूळ, रात्री उसळ भाकरी किंवा माडगं. अंडं कच्चं खाऊ नको, अकॅडमीतली मुलं दुधात फोडून पितात, पण कच्च्या पांढऱ्यामुळं बायोटिन शरीराला मिळत नाही, उकडलं की तो प्रश्न संपतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. एवढं पळून कमी खाल्लं आणि पाळी मागेपुढे झाली म्हणजे प्रश्न फक्त केसांचा राहिला नाही, हाडं पण ठिसूळ होतात, नडगीत फ्रॅक्चर घेऊन आलेल्या मुली मी बघितल्यात. पाळीचं डॉक्टरांना नक्की सांग. ओठावर हनुवटीवर केस वाढले असतील, तोंडावर पिंपल्स येत असतील तर तेही सांग, पीसीओएस म्हणजे हार्मोन बिघडल्यानं होणारा पाळीचा त्रास असेल तर उपचार वेगळे असतात.

बॅचवाल्या भावा, कापल्यानं केस दाट होत नाहीत, मूळ कातडीखाली असतं, कात्री तिथं पोचत नाही. लहान केस सांभाळायला सोपे हे खरं, तिला स्वतःला आवडत असेल तर कापावेत. कांद्याचा रस चाईवर, म्हणजे गोल चट्टा पडतो त्यावर, एका लहान अभ्यासात उपयोगी दिसला होता, हिचा प्रकार तो नाही. उलट कातडी चिडली तर अजून ताप.

खाकी_ताई
मी पोलीस खात्यात आहे, सांगली जिल्ह्यात, बारा वर्षं झाली. वर डायटिशियन मॅडमनी शरीराच्या आतलं सगळं सांगितलं, मी बाहेरचं सांगते कारण कपाळाच्या बाजूनं आणि कानावर विरळ होणं ही घट्ट बुचड्याची खूण आहे, टोपीखाली आमच्यात लय जणींना होतं. रोज त्याच जागी ओढ बसली की मूळ हळूहळू सुटतं, आणि वर्षानुवर्षं चाललं तर तिथं मात्र केस परत येत नाहीत, म्हणून हे आत्ताच थांबव.

ग्राउंडला बुचडा कशाला लागतो, सैल वेणी घाल, मानेजवळ, आणि तीच दुमडून कापडी रबरानं अडकव. साधा रबर बँड तर अजिबात नको, तो काढताना दहा केस घेऊनच येतो. जागा बदलत राहा, एक दिवस खाली, एक दिवस बाजूला, भांग पण बदल. बांधल्यावर कपाळ ताणल्यासारखं वाटलं किंवा डोकं ठणकलं तर ते घट्टच आहे. लायब्ररीत केस मोकळे सोड किंवा नुसता क्लचर लाव.

ओले केस बांधायचे नाहीत, विंचरायचे पण नाहीत. ओला केस ताणला जातो आणि तुटतो. पंचानं खसाखसा पुसणं आणि ते केस झटकणं आपल्याकडं सगळ्याच करतात, ते बंद कर. जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळून पाणी टिपून घे. अर्धवट वाळले की मोठ्या दातांचा कंगवा, आणि आधी टोकं सोडवायची मग वर यायचं. गुंता मुळापासून खाली ओढत आणला की तुटलाच.

घाम येतो म्हणून शाम्पू केला तर काही बिघडत नाही, धुताना निघतात ते केस आधीच सुटलेले असतात. दिवसाला ५० ते १०० केस कुणाचेही जातात आणि दोन दिवस धुतले नाहीत की ते साठून एकदम दिसतात, आपण घाबरतो. पण रोज नको, एक दिवसाआड सौम्य शाम्पू कर, मधल्या दिवशी नुसतं पाणी. शाम्पू मगात पाणी घेऊन पातळ करायचा आणि फक्त टाळूला लावायचा, लांबीला फेस वाहून जाईल तेवढा पुरतो. कंडिशनर उलटं, फक्त लांबीला. साताऱ्यात ज्या भागाला कासचं पाणी येतं तिथं बरंय, ते पावसाचं पाणी, क्षार कमी. गावाकडं बोअरवर गेलीस की केस राठ होतात आणि मधेच तुटतात, तिथं शेवटचे दोन मग फिल्टरच्या पाण्याचे घे. जड पाण्यानं केस तुटतो, मुळातून जात नाही, हा फरक ओळखायला गळलेला केस उजेडात बघ, एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर मुळातून आलाय, नसेल तर तुटलाय.

काकू रागावू नका पण तिला रात्रभर तेल नको असं मला वाटतं. पहाटे उठून पळणार, घाम, धूळ, आणि कोंडा असेल तर तेलानं अजूनच वाढतो.

आणि पळायचं म्हणशील तर रक्त कमी असेल तर ८०० च्या दुसऱ्या राउंडला पाय जड होतात, दम पुरत नाही. वजन उतरवून टायमिंग येत नाही गं, रक्त भरलं की येतं. शारीरिकचे ५० मार्क आहेत, उपाशी राहून ते घालवू नकोस.

तासगावची_काकू
रागवायचं काय त्यात. पण तेलानं काहीच होत नाही असं म्हणू नका, पिढ्यानपिढ्या लावतोय आपण. माझ्या सुनेचे केस तेल सोडल्यावर पार झाडूसारखे झाले, परत लावायला लागली तेव्हा मऊ पडले.

मिरजेची_डायटिशियन
काकू दोघींचं बरोबर आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन कमी जातं हे तपासून झालेलं आहे, म्हणून लांबीला तेल चांगलंच, केस तुटायचे कमी होतात. पण तेलानं मुळातून नवा केस उगवत नाही. तिनं धुवायच्या आधी तासभर लांबीला लावावं, टाळूवर कोंडा नसेल तर बोटांच्या पेरांनी हलकं चोळावं, नखं नाहीत, रगडून नाही. रात्रभर ठेवायची गरज नाही. शिकेकाई रिठा वापरायचं असेल तर गाळून घे, जाड भरड पूड केसात अडकते आणि काढताना केस ओढले जातात. रिठ्यानं केस कोरडे पण पडतात.

माणदेशी_लेक
सगळ्यांचे खूप आभार, डोळ्यात पाणी आलं वाचून. आज रात्री मैत्रिणींसोबत मटकीची उसळ केली, आईला हुलग्याचं पीठ सांगितलंय. दोन शंका आहेत. ते बायोटिन घेऊ का बंद करू? आणि एक जण म्हणाली मिनॉक्सिडिल नावाचं औषध लाव, मेडिकलमध्ये मिळतं. शिवाय डोक्यात खाज आणि कोंडा आहेच, ते आधी लिहायचं राहिलं.

कराडचं_मेडिकल
ताई माझं मेडिकल आहे कराडला, रोज दोन चार जण केसांचंच विचारतात.

बायोटिन बंद कर. त्याची खरी कमतरता फार क्वचित असते, आणि मुख्य म्हणजे जास्त डोसचं बायोटिन पोटात असताना थायरॉइडची तपासणी केली तर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्यानं, २०१७ मध्येच तसा इशारा दिलाय. रक्त द्यायच्या आधी दोन तीन दिवस तरी घेतलेलं नको आणि घेत होते हे लॅबवाल्याला सांगायचं. केसांच्या मल्टीव्हिटॅमिन गोळ्या पण मनानं दोन तीन प्रकारच्या घेऊ नको. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर उलट केस गळतात. बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये लोकांचे केस काही दिवसांत गेले होते ते आठवत असेल, विंचूदंशावरच्या कामामुळं आपल्याला माहीत असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर तिथं जाऊन आले आणि गव्हातल्या जास्त सेलेनियमकडं त्यांनी बोट दाखवलं.

मिनॉक्सिडिल चांगलं औषध आहे पण ते अनुवंशिक विरळपणासाठी, ज्यात भांग रुंद होत जातो. सुरुवातीला काही आठवडे गळती वाढते, आणि बंद केलं की फायदा जातो, म्हणजे वर्षानुवर्षं लावायचं. जेवण कमी झाल्यानं गळणाऱ्या केसांना आधी त्याची गरज पडत नाही, डॉक्टरांनी बघून दिलं तरच घे. माझं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण बावीस वर्षांच्या पोरीनं स्वतःच्या मनानं सुरू करू नये.

कोंड्याला केटोकोनॅझोलचा शाम्पू येतो २ टक्के, आठवड्यातून दोनदा, टाळूला लावून पाच मिनिटं थांबायचं मग धुवायचं, चार आठवडे. गोल चट्टा दिसला, भुवया गळायला लागल्या, टाळूला जखम पू झाला तर वाट न बघता स्किनच्या डॉक्टरकडं. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होतं, फेरिटिन बाहेर करावं लागेल, दोन लॅबला दर विचारून कर, बराच फरक असतो.

भरती_२०२३_बॅच
मॅडम धन्यवाद, कापल्यावर दाट होतात हे मी पण खरंच समजत होतो. ताई तुम्ही साताऱ्यात असाल तर मेसवाल्याशी बोलून बघा, आमच्या बॅचनं सगळ्यांनी मिळून सांगितलं तेव्हा आठवड्यातून तीन दिवस उसळ चालू केली, पैसे वाढवले नाहीत, बटाट्याच्या जागी केली फक्त. एकट्यानं सांगितलं तर ऐकत नाहीत, पंधरा वीस जण गेले की ऐकतात.

माणदेशी_लेक
रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ८, टीएसएच नॉर्मल, बी१२ जरा कमी. डॉक्टर मॅडमनी लोहाची गोळी आणि बी१२ दिलंय, तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलंय आणि पाळीसाठी पण पुढच्या महिन्यात बोलावलंय. मेसमध्ये आम्ही सगळ्या मिळून गेलो होतो, सोमवारपासून दोन दिवस उसळ मिळणार आहे. बुचडा सोडलाय, वेणी घालते. गळती अजून तेवढीच आहे पण आता रात्री झोप लागते, आधी भूक लागून जाग यायची.

एक विचारायचं होतं, गोळी सुरू केल्यापासून शौचाला काळी होतेय आणि पोट पण गच्च वाटतं, घाबरण्यासारखं आहे का?

कराडचं_मेडिकल
काळी होणारच, ते न शोषलेलं लोह असतं, घाबरू नको. डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली किंवा पोटात जोरात दुखलं तरच दाखव. पोट गच्च होत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घेता येते, तशीही चांगली शोषली जाते. चहा दूध आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घे. आणि बरं वाटलं म्हणून महिन्यात बंद करू नको, हिमोग्लोबिन आधी भरतं, साठा भरायला पुढं अजून दोन तीन महिने लागतात.

खाकी_ताई
आणि महिन्यातून एकदा त्याच खिडकीत, त्याच उजेडात भांगाचा आणि कपाळाच्या बाजूचा फोटो काढून ठेव. रोज आरशात बघून काही कळत नाही. कपाळाजवळ बारीक उभे राहणारे केस दिसायला लागले की ते तुटलेले समजून चापून चोपून बसवत जाऊ नकोस, ते नवीन आलेले असतात, त्यांना पिना लावायच्या नाहीत.